साडभाऊंची दोन मतं

जगात पुस्तकं वाचणारी माणसं पुष्कळ असतील, त्यांवर मत देणारी त्याहून जास्त असतील आणि न वाचताच मत देणाऱ्यांची तर गणतीच नको. पण एकाच पुस्तकावर, एकाच बैठकीत, दोन मतं, तीही एकमेकांचं तोंड पाहायला तयार नसलेली, सारख्याच तळमळीने मांडणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. ते आमचे साडभाऊ. म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. सिहोऱ्याच्या पाटबंधारे कचेरीत ते बाबू होते. उंच, किडकिडीत, आणि धानाच्या बांधीत उतरलेल्या बगळ्यासारखी एकेक पाय विचार करून उचलायची सवय. डोक्यावर काळी टोपी, डोळ्यांवर जाड चष्मा, बगलेत कापडी पिशवी. असा माणूस समोरून येताना दिसला तर तो पाणीपट्टीबद्दल बोलणार असं कुणालाही वाटावं. साडभाऊ मात्र तुमच्यासमोर उभे राहायचे, चष्मा काढून शर्टाच्या टोकाला पुसायचे आणि अत्यंत गंभीरपणे विचारायचे, "काय जी, त्या वेताळानं खोटी साक्ष काहून देल्ली असन?"

हा वेताळ मुंबईत टॅक्सी चालवायचा. सत्तरच्या दशकात तुमसरच्या बसस्टँडवर पुस्तकांचा एक स्टॉल होता. त्यावर एका रहस्यमालेचे भाग दर महिन्या-दोन महिन्यांनी यायचे. पातळ कागद, भडक चित्र, आणि पाठीमागे पुढच्या भागाची जाहिरात. चिटणीस नावाचा एक डिटेक्टिव्ह त्यात गुन्हे शोधायचा. पण त्याची मुंबई म्हणजे आपण ऐकलेली मुंबई नव्हे. तिथे फोर्टातल्या जुन्या बँकेच्या तळघरात यक्ष बसलेले असायचे, टायपिंगच्या क्लासात एखादी हडळ भल्याभल्यांना मागे टाकील अशा वेगाने टाईप करायची, आणि खुनाइतकीच कुणाचा आवाज, कुणाची झोप, कुणाचं लहानपण अशा वस्तूंचीही चोरी व्हायची. चिटणीसच्या मदतीला इरावती नावाची एक बाई होती. फार देखणी, फार हुशार, पण तिची सावली पडत नसे. कसल्याशा शापाने ती माणसांतून उठलेली होती आणि उजाडलं की दिसेनाशी व्हायची. गुन्हा सुटला की दोघं समुद्राच्या कठड्याशी उभी राहत, चिटणीस मनातलं बोलायला तोंड उघडे, आणि नेमकं तांबडं फुटे. प्रत्येक भाग असा संपायचा आणि वाचकाला पुढचा भाग येईपर्यंत तळमळत ठेवायचा.

मी तेव्हा तुमसरला मास्तर होतो आणि स्टँडच्या मागच्याच गल्लीत भाड्याने राहत होतो. तुमसरहून बपेऱ्याला जाणारी बस सिहोऱ्यावरून जाते. नवा भाग आला की मी तो वर्तमानपत्रात गुंडाळून बपेऱ्याच्या ड्रायव्हरकडे द्यायचा, आणि सिहोऱ्याच्या थांब्यावर साडभाऊ कचेरी सोडून तो घ्यायला उभे. पुढचा रविवार उजाडला की मत घेऊन ते स्वतः हजर. जेवणाआधी ते काही बोलत नसत. पहिला भात वाढला की गुन्ह्याला सुरुवात व्हायची, लाखोळीच्या डाळीचे वडे येईपर्यंत संशयितांची रांग लागलेली असायची, आणि ताकाच्या वाटीपाशी ते खुन्याचं नाव सांगायचे. हे नाव पुस्तकातलं नसे. साडभाऊंची पद्धत अशी की शेवटची काही पानं दोऱ्याने बांधून ठेवायची, खुनी आपल्या डोक्याने ठरवायचा, आणि मगच दोरा सोडायचा. माझ्या आठवणीत त्यांचा खुनी आणि लेखकाचा खुनी एकदाही जुळला नाही. त्याचं त्यांना यत्किंचितही वाईट वाटत नसे. "खून त्या बँकेच्या मॅनेजरनंच केला, साडभाऊ," ताक पिऊन मिशी पुसत ते म्हणायचे; तेही मला साडभाऊच म्हणत. "लेखकाले तो सापडला नाही, त्याले आपन काय करावं."

भुतांच्या बाबतीत तर ते लेखकाला मुळीच सूट देत नसत. झाडीपट्टीत जन्म गेलेला माणूस. कोणतं भूत तळ्याच्या पाळीवर बसतं, कोणतं मोहाच्या झाडाखाली, कोणतं नुसतं बांधावरून चालत जातं आणि मागे वळून पाहत नाही, हे सगळं त्यांनी लहानपणापासून ऐकलेलं. मुंबईला ते कधी गेले नव्हते, पण तिथे भुतांची जागेवाचून फार कुचंबणा होत असावी अशी त्यांची खात्री होती. "माणसाले खोली भेटत नाही म्हन्ते तथी, मंग हडळीले कोन देईन?" असा त्यांचा सवाल असायचा. एका भागात हडळ लिफ्टमध्ये राहते असं दाखवलं होतं. साडभाऊ दोन रविवार त्यावरच बोलत होते. हडळीला मोकळं आभाळ लागतं, तिला पेटीत कोंडलं तर ती कुणाला धरणार आणि कशाला धरणार. शेवटी माझ्या बायकोने, सुमनने, "भाऊजी, थंडा होऊन रायला भात," म्हणून त्यांना त्या लिफ्टमधून बाहेर काढलं.

कचेरीतही हेच. टोकावरच्या शेतापर्यंत पाटाचं पाणी पोचत नाही म्हणून तक्रार घेऊन आलेला कास्तकार टेबलाशी उभा राहिला की साडभाऊ तक्रार नीट लिहून घ्यायचे, सही घ्यायचे, आणि लगेच त्याला बसायला लावून चालू प्रकरण सांगायचे. मग विचारायचे, "आता तू सांग गा, तुले कोनावर शक आहे?" एकदा मी तिथे बसलो असतानाच एका म्हाताऱ्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि हात जोडून सांगितलं, "खून कोनीबी करो बाबूजी, मी काही गवाही द्याले जात नाही. मायं पानी सोडा." साडभाऊंनी त्याच दुपारी स्वतः सायकल मारत जाऊन त्याचं पाणी पाहिलं. पण संध्याकाळी मला म्हणाले, "मानूस मोठा सावध आहे. याच्यावरच शक घ्याले पाह्यजे."

हे झालं साडभाऊंचं मत. दुसरं मत बाईचं. आमच्याकडे थोरल्या बहिणीला बाई म्हणतात. सुमन म्हणायची म्हणून मीही म्हणायचो. बाई ठेंगणी, गोरटेली, बोलायला तुटक आणि हाताला विलक्षण चव. त्या दोघांना मूलबाळ नव्हतं. घरी एक गाय होती आणि बाईच्या मते ती तिच्याशिवाय कुणाच्या हातचं खात नसे, म्हणून बाई सिहोरा सोडून फारशी कुठे निघायची नाही. साडभाऊंचं वाचून झालं की पुस्तक चुलीजवळ जायचं. बाई भात शिजेपर्यंत दोन पानं वाचायची, कणीक मळताना तिसरं पान कोपराने उलटायची. खुनाशी तिला कर्तव्य नव्हतं. कोण मेला, कोणी मारला, हे ती साडभाऊंना विचारून घ्यायची. ती वाचायची ते चिटणीस आणि इरावतीसाठी, आणि चिटणीसवर तिचा पहिल्या भागापासून राग होता. तिची कसोटी एकच: या माणसाने त्या बाईला जेवायला विचारलं का. भागामागून भाग गेले, चिटणीसने इरावतीसाठी गोळ्या झेलल्या, वेताळाशी पैज मारली, बंदरात उडी घेतली, पण जेवलीस का म्हणून काही विचारलं नाही. त्यामुळे बाईचा निकाल कायम ठरलेला.

साडभाऊंचं म्हणणं नेमकं उलट. चिटणीसने तिच्या नादी लागू नये. लग्न झालं की डिटेक्टिव्ह संपला. यावरून त्या दोघांची जी भांडणं होत ती शेजाऱ्यांना पाठ झाली होती. इरावतीला घेऊन चिटणीस खंडाळ्याला गेला आणि तिला पहाटे स्टेशनवर एकटीला सोडून खुन्यामागे धावला, त्या भागानंतर बाईने साडभाऊंशी बोलणंच बंद केलं. जणू त्यांनीच तिला फलाटावर सोडलं होतं. कचेरीतून आल्यावर चहाचा कप ठेवताना ती गायीला उद्देशून म्हणायची, "घे माय, तुले तरी कोनी स्टेशनावर टाकून नाही गेलं." आणि साडभाऊही गायीलाच उत्तर द्यायचे, "सांग तिले, खुनी पळून जात होता." पण रविवारी तुमसरला आले की आपलं मत सांगून झाल्यावर ते हात धुवायचे, पुन्हा पाटावर येऊन बसायचे आणि म्हणायचे, "आता तुमची बाई म्हन्ते." मग बाईचं मत, तिच्याच तुटक शब्दांत, तिच्याच ठसक्यात, एक अक्षर न गाळता. स्वतःचं मत त्यांनी कधी इतक्या जोरात मांडलेलं मला आठवत नाही. ते ऐकताना सुमन हसून हसून डोळे पुसायची, कारण बहीणच समोर येऊन बसल्यासारखी वाटायची.

ऐंशीनंतरच्या एका उन्हाळ्यात बाईला कावीळ झाली. आधी गावठी औषध झालं, मग भंडाऱ्याचा दवाखाना झाला, मग नागपूरला नेलं. साडभाऊ रात्रंदिवस तिच्या खाटेजवळ बसून होते. तिथून ते तिला घेऊन परत आले ते शेवटचंच.

बाई वारल्यानंतर बरेच दिवस साडभाऊ आमच्याकडे आले नाहीत. सुट्टीच्या दिवशी आम्हीच जायचो. घर झाडलेलं असायचं, भांडी घासलेली असायची, दोरीवर धोतर नीट वाळत घातलेलं असायचं. गाय त्यांनी एका शेजाऱ्याला देऊन टाकली होती. ती त्यांच्या हातचं खात नाही, एवढंच त्यांनी सांगितलं. आम्ही बसायचो, चहा प्यायचो, पाऊसपाण्याचं बोलायचो. इकडे स्टॉलवर नवा भाग आला, त्याच्या मागून दुसरा आला. मी दोन्ही आणून कपाटात ठेवले. पाठवावेत की नाही हे मला आणि सुमनला दोघांनाही ठरवता येत नव्हतं. दिवाळी होऊन गेल्यावर एका रविवारी ते अचानक दारात उभे राहिले. टोपी, चष्मा, पिशवी, सगळं तसंच. माणूस तेवढा निम्मा झालेला. पाणी प्यायले आणि म्हणाले, "नवं आलं असन ना जी?" मी दोन्ही पुस्तकं काढून दिली.

पुढच्या रविवारी ते मत घेऊन आले. चोरीला गेलेल्या आवाजाचं प्रकरण होतं. त्यांचा चोर लेखकाच्या चोराशी जुळला नव्हता आणि त्याचं खापर त्यांनी नेहमीप्रमाणे लेखकावर फोडलं. मला बरं वाटलं. मग ते उठले, हात धुतले, परत येऊन पाटावर बसले आणि म्हणाले, "आता तुमची बाई म्हन्ते."

सुमन ताकाचं भांडं घेऊन स्वयंपाकघराच्या दारात आली होती, ती तिथेच थांबली. साडभाऊ बोलत होते. चिटणीसने इरावतीला पावसात उभं ठेवून आतल्या खोलीत पंचनामा केला, त्याबद्दल बाईचं काय म्हणणं होतं ते सांगत होते. तोच तुटकपणा, तोच ठसका. "पंचनामा पळून चालला होता काय, छत्री तरी द्याची होती तिले." सुमनने भांडं खाली ठेवलं. मला वाटलं ती रडणार. पण ती तिथेच उंबऱ्यावर बसली आणि ऐकत राहिली. संध्याकाळी दिवा लावताना ती एवढंच म्हणाली, "छत्रीचं बाई म्हनलीच असती."

मग हे असंच चालू राहिलं. सुमन आता रविवारची वाट पाहू लागली. काही महिन्यांनी तिला धीर आला आणि ती मधे बोलू लागली. "नाही भाऊजी, बाई असं नाही म्हनणार. बाईले निळा रंग आवडत नव्हता." साडभाऊ विचारात पडायचे. "हो काय? मले तर नाही सांगितलं कधी." मग चष्मा पुसून मत दुरुस्त करायचे आणि निळ्या साडीतल्या इरावतीला बाईकडून चार शब्द ऐकवायचे. बाहेरच्या कुणी हे ऐकलं असतं तर आम्हा तिघांनाही वेड लागलंय असं म्हटलं असतं. आणि खरं सांगायचं तर त्या एका तासापुरतं घर भरल्यासारखं वाटायचं. जेवण झालं की ते पिशवी घेऊन स्टँडकडे निघायचे. मी पोचवायला जायचो. बसच्या खिडकीत बसलेले साडभाऊ मात्र कुणाशीच बोलत नसत. शेजारी माणूस येऊन बसला तर पिशवी मांडीवर घेऊन त्याला जागा करून द्यायचे आणि बाहेर बघत राहायचे. पूर्वी अख्ख्या बसला कथानक सांगत जाणारा हा माणूस.

नातेवाइकांना त्यांची काळजी होती. साडभाऊंचे भाऊ लाखांदूरला राहत. त्यांनी तिथलंच एक स्थळ काढलं. नवरी विधवा होती, चाळिशीची, भावाकडे राहणारी, शांत. साडभाऊ नाही म्हणाले नाहीत, हो म्हणाले नाहीत. मला सोबत घेऊन गेले. लाखांदूरला पोहे झाले, चहा झाला. बोलायला काही नाही म्हणून त्या बाईंच्या भावाने विचारलं, "बाबूजी, रिकामपनी काय करता?" झालं. साडभाऊंनी चालू प्रकरण काढलं. यक्ष, तळघर, वेताळाची टॅक्सी, सगळं. भाऊ अवघडून छताकडे बघायला लागला. मी दोनदा खोकलो. आपलं मत सांगून झाल्यावर साडभाऊ सवयीने म्हणाले, "आता घरचं मत अलग आहे." आणि तेही सांगितलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत. दाराशी बसलेल्या त्या बाई मान वर करून त्यांच्याकडे बघत होत्या. त्या हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. आम्ही निघताना त्यांनी मला बाजूला बोलावलं आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, "यायच्या घरी बाई आहे जी. मी कोठी जाऊ तथी?" मी साडभाऊंना हे सांगितलं नाही. त्यांनी विचारलंही नाही. परतीच्या बसमध्ये ते एवढंच म्हणाले, "समजदार बाई आहे. तिचं भलं झालं पाह्यजे."

त्यानंतर दीड-दोन वर्षांनी भंडाऱ्याच्या एका वाचनालयाने त्या मालिकेच्या लेखकाचं भाषण ठेवलं. आम्ही दोघं गेलो. साडभाऊंनी लग्नातला कोट काढला होता आणि कुठल्याशा सामन्याला निघाल्यासारखे ते गंभीर होते. लेखक म्हणजे चिटणीससारखा कुणीतरी असेल अशी आमची कल्पना होती. निघाला एक बारीकसा, दमलेला, सतत पाणी पिणारा गृहस्थ. तो म्हणाला की डोळे थकलेत, पुढचा भाग शेवटचा, आणि चिटणीस-इरावतीचं काय करायचं हे अजून ठरलेलं नाही. तुम्हाला काय वाटतं, असं त्याने सभेलाच विचारलं. एक कॉलेजची मुलगी म्हणाली, इरावतीला मारा, म्हणजे ती विसरली जाणार नाही. एक वकील म्हणाले, ती मुळात स्वप्नच होती असं दाखवा. मग साडभाऊ उठले.

"मायं मत का, लग्न करू नका," ते म्हणाले. "लग्न झालं का चिटणीस घरी बसन. मंग वेताळाले कोन पकडन?" लोक हसले. लेखकही हसला. साडभाऊ बसले नाहीत. "हे मायं झालं. पन घरचं मत अलग आहे." आणि ते बोलायला लागले. आवाज तोच, पण आता त्यात सांगण्याऐवजी मागणं होतं. "घरची म्हन्ते, या बाईले सावली काहून नाही? तर तिले आपलं म्हननारं कोनी नाही म्हनून नाही. चिटणीस तिच्यासाठी समुद्रात उडी घेते, पन इतक्या वर्सात तिले घरात ये, बस, असं म्हनलं नाही त्यानं. सारं पिरेम उभ्या-उभ्या. ते म्हन्ते, तिले एकदा दिवसा घरी आना. बसवा. दोन घास वाढा. मंग सावली पडते का नाही ते पाहा." सभागृहात आता कुणी हसत नव्हतं. लेखकाने पाण्याचा पेला खाली ठेवला आणि विचारलं, "बाई आल्यात का बरोबर?"

"नाही जी," साडभाऊ म्हणाले. "ते येत नाही कोठी."

"त्यांना माझा नमस्कार सांगा. त्यांचं म्हणणं लक्षात ठेवतो."

"सांगतो," म्हणून साडभाऊ बसले. परत येताना गाडी मोहाडीला थांबली. तिथे ते म्हणाले, "साडभाऊ, आज मायंच मत कच्चं पडलं."

शेवटचा भाग यायला वर्ष गेलं. तो आधी आमच्या घरात वाचला गेला, कारण सुमनला धीर निघेना. चिटणीस भर दुपारी, डोळ्यांना न दिसणाऱ्या इरावतीला आपल्या खोलीवर आणतो, पाट मांडतो, स्वतः ताट वाढतो, आणि ती पहिला घास उचलते तेव्हा भिंतीवर हात हलतो. तिचा. मग लग्न, मग समाप्त. सुमनने पुस्तक मिटलं. तिने ते स्वतःच्या हाताने गुंडाळलं आणि मी बपेऱ्याच्या ड्रायव्हरला दिलं.

रविवारी साडभाऊ आले. जेवायला बसले. वडे केले होते, पण त्यांनी एकच घेतला. खुन्याबद्दल ते एक अक्षर बोलले नाहीत. जेवण संपत आलं तेव्हा म्हणाले, "चांगलं लिहिलं. असंच पाह्यजे होतं." मग उठले, हात धुतले, पाटावर येऊन बसले. आम्ही थांबलो. ते भिंतीकडे बघत राहिले. शेवटी सुमनने विचारलं, "आन बाई?"

"तुमची बाई काही म्हनत नाही," साडभाऊ म्हणाले.

ते ओल्या हातांकडे बघत सांगू लागले, "मी पाहिलं थांबून. पुस्तक दोनदा वाचलं. चुलीजवळ बसून वाचलं. मी नाही म्हनो, म्हनून ते बोले. आता मीच हो म्हनलो. मंग ते कायले बोलन?"

सुमनने प्रयत्न केला. "बाई म्हनली असती, इतका उशीर काहून केला त्यानं. पहिल्याच भागात वाढलं असतं तर."

साडभाऊंनी लक्ष देऊन ऐकलं आणि मान हलवली. "हे तुयं मत आहे, सुमन. चांगलं आहे. पन तिचं नाही."

त्या दिवशी मी त्यांना स्टँडवर पोचवायला गेलो तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की बाई आता गेली. स्टॉलवर दुसऱ्या एका मालिकेची पुस्तकं होती. त्यातलं एक मी त्यांच्या पिशवीत टाकलं. पुढच्या खेपेला त्यांनी ते परत आणलं, घडी न मोडलेलं, कव्हर घातलेलं. "बरं आहे," म्हणाले. मी वाट पाहिली, पण त्यापुढे काही नव्हतं. खुनी कोण, हेही त्यांनी सांगितलं नाही. नंतर मी पुस्तक द्यायचं सोडलं. रविवारी मात्र ते येत राहिले. जेवायचे, ओसरीवरच्या खुर्चीत बसायचे, स्टँडवरून सुटणाऱ्या गाड्यांचे आवाज ऐकायचे. सुमन आणि मी काहीबाही विषय काढायचो आणि ते हो-हो म्हणायचे. निवृत्तीला थोडेच दिवस उरले होते. त्यानंतर काय करणार म्हणून मी विचारलं तर म्हणाले, "करू काही." इतका एकटा माणूस मी पाहिला नव्हता, आणि तो आमच्याच घरात बसलेला असायचा.

थंडीचे दिवस असतील. दुपारी सुमन ओसरीवर वाल सोलत बसली होती. साडभाऊ बराच वेळ तिच्या हातांकडे बघत होते. मग अगदी हळू, एखाद्या अनोळखी घरी पाणी मागावं तसं त्यांनी विचारलं, "सुमन, तुमची बाई लहानपनी कशी होती व?"

सुमनचे हात थांबले. बाईशी त्यांचं लग्न झालं तेव्हा सुमन लहान होती. बाईची लग्नाआधीची वर्षं साडभाऊंनी कधी पाहिलेलीच नव्हती. तिने आईच्या तोंडून ऐकलेलं जरा आठवलं आणि सांगायला घेतलं. बपेऱ्याला, त्या दोघींच्या माहेरी, दिवाळीनंतर मंडई, म्हणजे जत्रा, भरायची, रात्री नाटक व्हायचं. एका वर्षी नाटकात गावचा शिंपी राजा झाला होता आणि त्याने राणीला जंगलात हाकलून दिलं. बाई तेव्हा झगा घालायच्या वयाची. दुसऱ्या दिवशी त्याच शिंप्याने शिवलेला नवा झगा घरी आला, तर बाईने तो अंगाला लावू दिला नाही. राणीला हाकलणाऱ्याच्या हातचं घालणार नाही म्हणाली. आईने मारलं, वडिलांनी समजावलं, पण नाही. शेवटी शिंपी स्वतः घरी आला आणि त्याने हात जोडून कबूल केलं की पुढच्या मंडईत राणीला परत आणतो.

साडभाऊ हसले. किती दिवसांनी हसले होते कोण जाणे. हसता हसता त्यांना ठसका लागला. मी पाणी आणून दिलं.

"आनली काय मंग?" त्यांनी विचारलं.

"कोठी जी. दुसऱ्या वर्सी दुसराच खेळ होता."

"मंग बाई काय म्हनली त्याले?"

सुमनने वालाची परडी बाजूला सरकवली आणि नीट मांडी घालून बसली. साडभाऊंनी खुर्ची तिच्याजवळ ओढून घेतली. बाहेर बपेऱ्याची गाडी सुटायची वेळ झाली होती. मी त्यांना आठवण केली नाही, आणि तेही उठले नाहीत. सुमन सांगत होती, आणि ते दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून, काही मत न देता, मधूनमधून नुसतं "मंग?" म्हणत ऐकत होते.